जिम लावायच्या आधी तुमच्या वेळेला एकदा जाऊन या

एका बाईंनी मला विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२, दिवसभर बैठं काम, बीपीची एक गोळी चालू आहे, जिना उतरताना उजवा गुडघा कुरकुरतो, आणि आजवर जिमचं तोंड पाहिलेलं नाही. घरापासून चालत १० मिनिटांवर एक छोटी साधी जिम आहे आणि गाडीने ३५ मिनिटांवर मोठा हेल्थ क्लब, तिथे पूल, स्टीम, सॉना, ग्रुप क्लासेस सगळं आहे. क्लबवाले म्हणतायत की याच आठवड्यात वर्षाचे भरलेत तर मोठा डिस्काउंट. कुठली लावू?

मी ट्रेनर आहे, आधी बरीच वर्षं अशाच एका मोठ्या क्लबात फ्लोअरवर होते, आता एका लहान जिममध्ये शिकवते, त्यामुळे दोन्हीकडचं आतलं माहीत आहे आणि दोन्हींवर राग नाही. "चांगली कुठली" असं विचाराल तर क्लबच चांगला असणार हो, तिथे सामान जास्त, जागा जास्त, बाथरूम चकाचक. पण तुमची खरी अडचण ती नाहीये. तुम्हाला ठरवायचंय ते असं की चौथ्या महिन्यात तुम्ही कुठे जात असाल, आणि बीपी आणि गुडघा घेऊन आलेल्या नवख्या माणसाला सुरुवात कशी करून द्यायची हे कळणारं कुणी तिथे आहे का. या दोन्ही गोष्टी ना रिसेप्शनवर दिसतात ना फोटोत.

आधी जिम नेमकी कशासाठी हवी तेवढं बघू, कारण बहुतेक जण इथेच गंडतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस अशी आहे की मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम जोराचा व्यायाम करावा, म्हणजे झपझप चालणं, सायकल वगैरे, आणि शिवाय आठवड्यातून किमान २ दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा. यातला चालण्याचा भाग तुम्ही घरातून बाहेर पडून फुकटात करू शकता. ताकदीचा भाग मात्र घरी नीट जमत नाही, कारण हळूहळू वाढवत नेता येईल असं वजन लागतं आणि बघणारं माणूस लागतं. म्हणजे जिमला पैसे आपण मुख्यतः या दुसऱ्या भागासाठी देतोय. हे एकदा डोक्यात बसलं की बघण्याच्या गोष्टीच बदलतात, खिडकीशी ओळीने मांडलेल्या वीस ट्रेडमिल बघून भारावून जायचं कारण उरत नाही, डंबेल, बेंच आणि पुली, म्हणजे केबल ओढून वजन उचलायची मशीनं, बघायची.

आता अंतर. ३५ मिनिटं जाणं, ३५ येणं, पार्किंग, कपडे बदलणं, आंघोळ, हे सगळं धरलं तर ४५ मिनिटांच्या व्यायामाला जवळपास अडीच तास जातात. पहिले तीन आठवडे उत्साहात जातात, मग एक दिवस ऑफिसात उशीर होतो, एक दिवस पाऊस, एक दिवस घरात कुणी आजारी, आणि नेमक्या अशाच दिवसांवर ठरतं की सवय टिकते का तुटते. १० मिनिटांवरची जिम असेल तर वाईट दिवशीही माणूस २५ मिनिटं करून येतो. इथे एक गोष्ट मात्र परिस्थितीवर आहे, अंतर घरापासून मोजायचं नसतं, व्यायामाच्या वेळी तुम्ही जिथे असता तिथून मोजायचं. तो क्लब तुमच्या ऑफिसच्या शेजारी असेल आणि तुम्ही संध्याकाळी तिथूनच निघत असाल तर माझं गणित उलटं होईल. तुम्ही ते लिहिलेलं नाही म्हणून मी घरापासूनच धरलंय.

आपण किती वेळा जाऊ याचा अंदाज सगळ्यांचाच चुकतो, हा माझा एकटीचा अनुभव नाही. देलाविग्ना आणि मालमेंडियर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २००६ साली अमेरिकेतल्या तीन हेल्थ क्लबांच्या साडेसात हजारांहून जास्त मेंबर्सच्या हजेरीचा अभ्यास छापला होता. ज्यांनी महिन्याला ७० डॉलरहून जास्तीची मेंबरशिप घेतली होती ते सरासरी महिन्यातून ४.३ वेळाच आले, म्हणजे एका खेपेला १७ डॉलरहून जास्त पडले, आणि त्याच क्लबांत १० खेपांचा पास घेतला असता तर खेपेला १० डॉलरच पडले असते. म्हणून "वर्षाचे भागिले १२" करून स्वस्त-महाग ठरवू नका. एकूण फी भागिले तुम्ही खरोखर जाल तितक्या खेपा, हा हिशोब करा, आणि खेपांचा आकडा मनात येईल त्याच्या निम्मा धरा.

मग जाऊन बघायचं कसं? तुम्ही रोज ज्या वेळेला जाणार त्याच वेळेला, साध्या मधल्या वारी जा. सेल्सवाले मुद्दाम सकाळी ११ किंवा दुपारी ३ ला बोलावतात, तेव्हा कुठलीही जिम छानच दिसते. संध्याकाळी ७ ला जा आणि १५ मिनिटं नुसत्या उभ्या राहा. एका बेंचसाठी किती जण थांबलेत, पुलीवर रांग आहे का, लोक मशीनवर बसून मोबाईल बघतायत आणि कुणी काही बोलत नाही असं आहे का. ताकदीच्या व्यायामात दोन सेटच्या मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती लागते त्यामुळे एक माणूस एक बेंच सहज १५ मिनिटं अडवतो, म्हणजे चार बेंच आणि तीस माणसं हे गणित काही जमत नाही. गर्दी असणं वाईट नाही हां, पण तुमच्या वेळेला जागा मिळायला हवी.

तिथे उभ्या आहातच तर डंबेलच्या रॅककडे जा. नवीन बाईमाणसासाठी ही जिममधली सगळ्यात महत्त्वाची जागा आहे आणि कुणी बघतच नाही. सगळ्यात हलकी जोडी किती किलोची आहे? १, २, ३, ४ अशी चढती रांग आहे की अडीचवरून थेट ५? अडीचवरून ५ म्हणजे वजन एकदम दुप्पट, खांद्याच्या व्यायामाला ती उडी नवख्या माणसाला झेपत नाही, मग महिनोन् महिने अडीचवरच राहायचं किंवा पाठ वाकवून ५ उचलायचं, दोन्ही वाईट. जोडीतला एक डंबेल गायब आहे का तेही बघा. स्टँडर्ड ऑलिम्पिक बार, म्हणजे दोन्ही टोकांना प्लेट्स अडकवायची लांब दांडी, रिकामाच २० किलोचा असतो, बायकांचा १५ चा, त्यामुळे १० किंवा त्याहून हलका बार आहे का विचारा. छोट्या प्लेट्स, सव्वा किलोच्या, आहेत का विचारा, त्या असतील तर बारचं वजन दोन्ही बाजू धरून अडीच-अडीच किलोने वाढवता येतं. मोठ्या क्लबातसुद्धा सव्वाच्या प्लेट्स कधीकधी सापडत नाहीत आणि लहान जिममध्ये मालक स्वतः उचलून जागेवर ठेवत असतो, म्हणून क्लब म्हणजे सगळं असेलच असं धरून चालू नका.

मग मशीनचा मेंटेनन्स. पुलीची केबल हाताने चाचपून बघा, वरचं प्लास्टिक तडकून आतली तार दिसत असेल तर त्या मशीनखाली बसायचं नाही. वजनाच्या थप्पीत जी पिन घालतात ती मशीनचीच आहे का तेही बघा, मी स्क्रू-ड्रायव्हर खोचलेला पाहिलाय, आणि तो एकदा दिसला की त्या जिममध्ये बाकीचं काय असेल ते वेगळं सांगायला नको. "बंद आहे" असा कागद लावलेला असणं हा गुन्हा नाही, मशीन बिघडतातच, पण तो कागद पिवळा पडलेला असेल तर समजून जा. ट्रेडमिलला इमर्जन्सी स्टॉपची दोरी किंवा क्लिप जागेवर हवी.

आता मुख्य मुद्दा, माणसं. जिमचा धंदा कसा चालतो हे थोडं सांगते म्हणजे तुम्हाला तिथलं वागणं कळेल. बऱ्याच मोठ्या ठिकाणी फ्लोअर ट्रेनरचा पगार तुटपुंजा असतो आणि खरी कमाई पर्सनल ट्रेनिंगच्या, म्हणजे पीटीच्या कमिशनवर असते. त्यामुळे फ्लोअरवर पाच ट्रेनर दिसले तरी त्यातले चार आपापल्या पीटी क्लायंटपाशी असतात आणि पाचवा पुढचा क्लायंट शोधत असतो. ज्याने पीटी घेतलेली नाही त्याला पहिल्या आठवड्यात मशीनं दाखवतात, नंतर तो आणि त्याचं नशीब. हे ट्रेनर वाईट आहेत असं मी म्हणत नाही, मीही तिथेच होते, रचनाच तशी आहे. लहान जिममध्ये बऱ्याचदा मालकच ट्रेनर असतो, त्याला मेंबर टिकवायचा असतो म्हणून तो ओरडून का होईना पण लक्ष ठेवतो. अर्थात लहान जिममध्ये कधीकधी ट्रेनर म्हणजे फक्त स्वतःचे दंड कमावलेला मुलगा असतो, तेव्हा लहान आहे म्हणून चांगली असंही नाही.

म्हणून १५ मिनिटं उभ्या राहाल तेव्हा एकच गोष्ट शोधा. ज्याने पीटी घेतलेली नाही असा कुणीतरी चुकीचा व्यायाम करत असेलच, वाकड्या पाठीने वजन उचलणारा एक तरी प्रत्येक जिममध्ये सापडतो. त्याच्याकडे कुणी जातं का? आपणहून जाऊन, शांतपणे, वजन कमी करून दाखवतं का? हे दिसलं तर बाकी निम्म्या गोष्टी मी माफ करीन.

आणि ट्रेनरशी बोला. सांगा की मला बीपीची गोळी चालू आहे आणि गुडघा दुखतो, मग गप्प बसा आणि तो काय विचारतो ते ऐका. बरोबर माणूस विचारेल की बीपी सध्या किती असतं, गोळी कुठली, डॉक्टरांना विचारलंय का, छातीत दुखणं, चक्कर असं कधी झालंय का, गुडघा चढताना दुखतो की उतरताना, सूज येते का. चांगल्या ठिकाणी याचा छापील फॉर्मच असतो, त्याला पार-क्यू म्हणतात. चुकीचा माणूस म्हणेल "काही टेन्शन घेऊ नका मॅडम, तीन महिन्यांत दहा किलो उतरवतो". तुम्ही वजन उतरवायचं म्हणालाच नव्हता. हा प्रश्न मी प्रत्येकाला सुचवते कारण त्याचं पाठ केलेलं उत्तर नसतं.

दुसरं विचारा, "पहिल्या दोन आठवड्यांत मी काय करणार?" उत्तर साधारण असं हवं की आठवड्यातून दोन-तीन दिवस, पूर्ण शरीराचा, पाच-सहा व्यायाम, हलकं वजन, खुर्चीवर बसून उठल्यासारख्या स्क्वॉटपासून सुरुवात, आणि वजन उचलताना श्वास कोंडायचा नाही. हे शेवटचं बीपीवाल्यांना फार महत्त्वाचं, कारण श्वास रोखून जोर लावला की तेवढ्या वेळापुरतं बीपी झपकन वर जातं. "पहिल्याच दिवशी असं करून घेतो की दोन दिवस जिना चढता येणार नाही" असं कुणी अभिमानाने सांगितलं तर तिथून निघा. एक-दोन दिवसांनी अंग आंबून येणं नेहमीचं आहे, पण नवख्या माणसाकडून पहिल्या दिवशी भरमसाट करून घेतलं तर स्नायू फुटून किडनीवर ताण येऊ शकतो, लघवी गडद तपकिरी होणं ही त्याची खूण आहे आणि तेव्हा थेट हॉस्पिटल गाठायचं. असे पेशंट खरंच येतात आणि बहुतेक वेळा पहिल्या एक-दोन सेशननंतरच येतात.

सर्टिफिकेट विचारायला लाजू नका. एसीएसएम, एनएससीए, एसीई ही सर्टिफिकेट देणाऱ्या संस्थांची जगभर मान्य असलेली नावं आहेत, पण नुसता कागद म्हणजे हुशारी नाही, मी फ्रेम लावलेले ढ पाहिलेत. सीपीआरचं, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबत राहण्याचं, ट्रेनिंग मात्र ताजं हवं, ते साधारण दोन वर्षांनी पुन्हा करावं लागतं. आणि एईडी, म्हणजे हृदय बंद पडल्यावर शॉक देण्याचं मशीन, आहे का विचारा. सीपीआर आणि शॉक न मिळाल्यास जगण्याची शक्यता दर मिनिटाला ७ ते १० टक्क्यांनी कमी होत जाते, म्हणून अँब्युलन्स येईलच या भरवशावर बसता येत नाही. लहान जिममध्ये एईडी बहुधा नसतं, हा त्यांचा खरा कमीपणा आहे, मोठ्या क्लबाला इथे एक मार्क.

क्लबात गेलात की फुकट बॉडी अ‍ॅनालिसिस करू असं म्हणतील. पट्ट्यांवर उभं राहून हँडल धरायचं आणि एक लांबलचक प्रिंटआऊट मिळतो ज्यात सगळं लाल असतं. हे मशीन अंगातून बारीक करंट सोडून अंगातल्या पाण्यावरून चरबीचा अंदाज काढतं, त्यामुळे पाणी प्यायलात, जेवलात, घाम गाळून आलात की आकडा हलतो. एकाच मशीनवर, एकाच वेळेला, उपाशीपोटी महिन्या-दोन महिन्यांनी मोजलं तर ते कामाचं आहे. पण पहिल्या भेटीत त्याचा उपयोग तुम्हाला घाबरवून पीटीचं पॅकेज विकण्यासाठी होतो, आणि ते लाल आकडे समोर ठेवून सही मागतात तेव्हा भलेभले सही करतात. कागद घ्या, घडी घाला, घरी या.

"याच आठवड्यात" या डिस्काउंटचं तर बोलायलाच नको. सेल्सवाल्यांना महिनाअखेरचं टार्गेट असतं, पुढच्या महिन्यात तीच स्कीम दुसऱ्या नावाने येते. उलट महिन्याच्या शेवटच्या दोन-तीन दिवसांत तुम्ही मागाल ते मिळण्याची शक्यता जास्त.

पैसे भरण्याआधी तोंडी नाही, लेखी विचारायच्या गोष्टी: मेंबरशिप फ्रीज करता, म्हणजे मध्येच थांबवून ठेवता, येते का आणि किती दिवस, दुसऱ्याच्या नावावर करता येते का, आजारपणात किंवा बदली झाली तर परतावा आहे का, ऑटो-डेबिट असेल तर बंद कसं करायचं, पीटीची सेशन्स किती दिवसांत संपवावी लागतात, आणि मेंबरशिप सगळ्या वेळांची आहे की फक्त दुपारची. एकरकमी वर्षाचे भरण्यात आणखी एक धोका असतो, जिम बंद पडली किंवा मालक बदलला की पैसे अडकतात, आणि २०२० मध्ये जगभर जिमना महिनोन् महिने टाळं होतं तेव्हा वर्षाचे भरलेल्यांनी केवढी भांडणं केली ते मी काउंटरच्या आतून बघितलंय.

पूल, स्टीम, सॉना याबद्दल सरळ सांगते. तुम्हाला पोहता येत असेल आणि आवडत असेल तर माझं मत अर्धं बदलेल, कारण पाण्यात वजनाचा भार कमी होतो आणि दुखऱ्या गुडघ्याला ते फार सोयीचं पडतं. मग क्लबचा पूल तुमच्या वेळेला मेंबर्सना खुला असतो की मुलांच्या बॅचेस चालू असतात ते बघा, लाइफगार्ड आहे का बघा, आणि वास घ्या. पुलाला येणारा तो डोळे झोंबणारा उग्र वास स्वच्छतेचा नसतो, क्लोरीन घाम-लघवीशी मिसळून जे तयार होतं त्याचा असतो, नीट राखलेल्या पुलाला फारसा वास येत नाही. पण पोहायचं नुसतं "कधीतरी शिकू" असेल तर पुलाचे पैसे वर्षभर कशाला भरता. स्टीम-सॉनाने वजन उतरत नाही, घाम जातो तो पाणी प्यायल्यावर परत येतो, आणि बीपीची गोळी चालू असताना त्यात बसायचं की नाही हे डॉक्टरांनाच विचारा. ग्रुप क्लासेस मात्र कमी लेखू नका, काही लोक एकटे मशीनवर कंटाळतात आणि क्लासला कधी चुकत नाहीत, तुम्ही तशा असाल तर हा क्लबच्या बाजूचा खरा मुद्दा आहे. आपला स्वभाव आपल्याला माहीत असतो.

स्वच्छता बघायला रिसेप्शनचं नाही, आतलं बाथरूम बघा. बेंच पुसायला स्प्रे आणि फडका हाताशी आहे का, हवा खेळती आहे का, की आरशांवर वाफ धरलीय. आणि तिथे तुम्हाला बरं वाटतं का, टक लावून बघणारे, मोबाईलवर शूटिंग करणारे लोक आहेत का, तुमच्या वयाच्या दोन-चार बायका नेहमी येणाऱ्या दिसतात का. बदलण्याच्या खोलीत त्यांनाच विचारा, त्या खरं सांगतात.

तुम्ही लिहिलंय तेवढ्यावरून माझं मत असं की जवळची लावा, पण ट्रेनरने बीपी आणि गुडघ्याबद्दल नीट प्रश्न विचारले तरच आणि हलके डंबेल असतील तरच. सुरुवातीला एक महिना, फार तर तीन महिने भरा, वर्षाचे नाही. परवडत असेल तर वाचलेल्या पैशांतून कुठल्या तरी अनुभवी माणसाची आठ-दहा पीटी सेशन्स घ्या, मूळ पाच-सहा व्यायाम पक्के होईपर्यंत, नंतर महिन्यातून एकदा दाखवून घ्या. ट्रेनर फुसका निघाला आणि क्लबातला बरा वाटला तर मग क्लब, पण तिथेही आधी एक महिना किंवा खेपांचा पास मागा, नसतो म्हणाले तरी मागा.

आणि भरण्याआधी बीपीच्या डॉक्टरांकडे जाऊन येताना गोळी कुठल्या प्रकारची आहे ते विचारून घ्या. बीटा ब्लॉकर असेल तर हृदयाचे ठोके दमलं तरी तितकेसे वाढत नाहीत, त्यामुळे ट्रेडमिलवर वयानुसार हार्ट रेटचा जो तक्ता चिकटवलेला असतो तो तुमच्या कामाचा नाही. ट्रेनर त्या आकड्यापर्यंत पळवायला लागला तर थांबवा. चालताना पूर्ण वाक्य बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये, एवढा जोर तुम्हाला सध्या बरोबर आहे.